हिरव्या पुड्याचा आळ

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून कागदावर लिहून तातडीच्या टपालानं पाठवतेय. हे स्वतः वाचा. आईला वाचून दाखवायला सांगू नका, ती नको त्या ओळी गाळते.

या काओशुंग बंदरात येऊन दीड महिना झाला आणि खरं सांगायचं तर मी वैतागलेय. कॉलेजात मालवाहतूक शिकले, आणि इथं शिकाऊ म्हणून माझं काम काय, तर अख्ख्या ऑफिसच्या चहाच्या ऑर्डरी घ्यायच्या. एकाला साखर निम्मी, दुसऱ्याला बर्फ नको, तिसऱ्याला साबुदाण्याच्या गोळ्या हव्यात पण दूध नको. संध्याकाळी साहेब खुर्चीतून उठेपर्यंत कुणी घरी जात नाही, आणि साहेबांना घरी जायची काडीची घाई नसते. साहेब म्हणजे तुमचे लष्करातले दोस्त चौकाका. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ही आपल्या आ-शुंगची पोरगी." तेव्हापासून यू-च्येन हे माझं नाव इथं कुणी घेतलेलं नाही, मी फक्त तुमची पोरगी.

दुसरं काम सर्व्हरच्या खोलीतलं. प्रत्येक यंत्रावर कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवायचा, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं चालतं, अशी इथंही सगळ्यांची श्रद्धा. तुमच्या लेथवर असतो तसाच. हिरवाच हवा, पिवळा नाही की लाल नाही. तारीख उलटायच्या आत बदलायचा आणि फोडायचा तर मुळीच नाही. हे मला कुणी शिकवायला नको, मी त्या लेथच्या आवाजात मोठी झालेय.

गेल्या मंगळवारी बुकिंगचं यंत्र बंद पडलं. बंदरात कंटेनर अडकले, गिऱ्हाइकं फोनवर ओरडायला लागली, आणि खोली उघडून बघतात तर यंत्रावर पुडा फोडलेला आणि रिकामा. यंत्रातला पंखा जळाला होता, हे दुपारी कळलं. पण तोवर सगळ्यांनी माझ्याकडे बघून घेतलं होतं. खोलीत रोज जाते मी, पुडे आणते मी, म्हणजे खाल्ले असणार मीच. चौकाका वर हसून म्हणाले, "पोर आहे, लागली असेल भूक. पण कॉलेजला शेरा पाठवताना मला हे लिहावं लागेल." बाबा, तो शेरा वाईट गेला तर माझी पदवी वर्षभर लांबते.

खाल्लं कुणी, तेही ऐका. दुपारी जेवणानंतर इथं दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपतात. दुसऱ्या दिवशी त्या अंधारात मला काम शिकवणारी हुईताई कानाशी येऊन कुजबुजली, "मीच खाल्ला गं. उशिरापर्यंत थांबले होते, पोटात काही नव्हतं. पण माझी बढती तोंडावर आलीय. तुझं काय, तू आणखी थोड्या दिवसांत जाशील." मग टेबलावरच्या छोट्या उशीत तोंड खुपसून झोपली. मला कुठली झोप. त्या दिवसापासून ती रोज माझ्या टेबलावर दुधाचा चहा आणून ठेवते. मला साखर किती लागते ते तिला बरोबर ठाऊक आहे, तोंड मात्र उघडत नाही. आणि मी तो चहा पिते. इतकी चिडलेय तरी पिते, याची आणखी चीड येते.

आज सकाळच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हणाले, "पुडा मी खाल्लेला नाही." हुईताईचं नाव घेतलं नाही, ते तिनं घ्यावं. ती मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसत होती. चौकाकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरं. शेरा मी सोमवारी संध्याकाळी लिहीन, तोवर विचार करतो." इथं आल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदाच मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

आणि तासाभरापूर्वी आईचा फोन. म्हणे चौकाकांनी तुम्हाला त्या मंगळवारीच कळवलं होतं, आणि तुम्ही सोमवारी लेथ बंद ठेवून, सफरचंदांची पेटी घेऊन, त्यांच्यासमोर कमरेत वाकून माझ्या वतीनं माफी मागायला येताय. येऊ नका, बाबा. तुम्ही पेटी घेऊन दारात उभे राहिलात की मीच खाल्लं हे कायमचं ठरलं, मग मी कितीही ओरडले तरी कोण ऐकणार? तुम्ही बाजारात गेलात, एकेक सफरचंद निवडून घेतलंत, वर सोनेरी फीत बांधून घेतलीत. एवढ्या सगळ्यात मला एक फोन करून "खाल्लंस का गं?" एवढं विचारायला काय झालं होतं? चौकाकांनी नाही विचारलं, ते परके. तुम्ही विचारायला हवं होतं.

रागावलेली, तरी तुमचीच,
यू-च्येन