पर्समध्ये राहिलेलं भिंग

मंगळवार, संध्याकाळ

दिवसभर शहरात, मनीषनगरच्या हॉलमध्ये शिक्षकांना सांगितलं, विज्ञान फळ्यावर नको, मुलांच्या हातात द्या. प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून पडदे ओढलेले, एसी सुरू. ऊनच नाही, तर भिंग कशाला काढू? ते पर्समध्येच राहिलं. शेवटी टाळ्या वाजल्या. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं का?

आमच्या नरखेडकडच्या शाळेत भिंग एकच. आज सातवीला त्या भिंगानं उन्हात कागद पेटवून दाखवायचं कबूल केलं होतं. काल प्रशिक्षण द्यायला जा म्हणून आदेश आला, आणि तेच भिंग मी इकडे उचलून आणलं.

एसटीत बसल्या बसल्या वंदनाताईंना फोन केला. त्या मराठीच्या, आज माझा तास त्यांच्याकडे होता.

"मले काय येते वं त्यातलं? भिंगाचं चित्र काढाले लावलं."

"वर्गात?"

"नाही, मैदानात. सावलीत या म्हटलं तर कोणी ऐकूनच नाही राहिलं. विज्ञानाच्या मॅडमनं उन्हातच बसाले सांगतलं, म्हणे."

पर्समध्ये हात घातला. भिंग अजून गारच होतं. उद्या शिक्षकांची दुसरी तुकडी आहे.