अळणी पाणी

११ जाने., रवि.
माळ्यावरून ह्यांचं माशांच्या टाकीचं सगळं सामान खाली काढलं. कंबर धरली. कोरलची, म्हणजे समुद्री प्रवाळांची, चार फुटी टाकी विकून तीन वर्षं झाली. विकली म्हणजे मीच विकली. हे तेव्हा दिवसातून चार-चारदा माशांना खायला घालायला लागले होते आणि डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव नुकतंच सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी एकच. "सुमन, टाकी कुठाय?"

अमेयचा पुण्याहून फोन. बदलापूरच्या पुढे अशा पेशंटांसाठी एक संस्था आहे, तिथे ह्यांना जागा मिळतेय, एक मार्चपासून. "आई, तू पडशील एक दिवस." मी म्हटलं, फेब्रुवारी संपेपर्यंत थांब. छोटी टाकी लावून बघते. ह्यांचा हात त्यात चालला तर हे इथेच राहतील. म्हणाला, बरं. त्याचं 'बरं' मला कळतं.

१३ जाने., मंगळ.
रफीकभाई (कुर्ल्याचे, बावीस वर्षं ह्यांना सामान देणारे) म्हणाले, आता सगळं मोबाइलवर चालतं, लाइटसुद्धा. मी म्हटलं, ह्यांना मोबाइल धड धरता येत नाही. जुनंच लावायचं. तोच हवेचा पंप, चोकवाली ट्यूबलाइट, आणि ह्यांनी पाइप कापून बनवलेला स्किमर. त्यात लाकडाच्या ठोकळ्यातून बारीक फेस निघतो आणि घाण वर घेऊन येतो.

दोन फुटी टाकी हॉलमध्ये मांडली. पंप लावला तर इतका खडखडाट की मंदाताई शेजारून विचारायला आल्या. हे आतून आले, टॉवेलची घडी केली, पंपाखाली सरकवली. आवाज गेला. परत आत गेले.
मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२२ जाने., गुरु.
वाळू, दगड घालून आठवडा झाला. पूर्वी हे मनोरीला तरीने जाऊन समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणायचे. आता फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं समुद्री मीठ. खारटपणा मोजायला ह्यांचीच जुनी प्लॅस्टिकची डबी. पाणी भरलं की आतला काटा वर चढतो. पंचवीसवर यायला हवा. बरोब्बर आला.
ह्यांनी टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.
"अळणी आहे."
म्हटलं, काटा बघा ना. काट्याकडे बघितलंही नाही.

ह्यांना काय, आमटी अळणी, भाजी अळणी. परवा तर चहासुद्धा अळणी होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षं गेली. मापावर चालायचं की ह्यांच्या जिभेवर?

३० जाने., शुक्र.
रफीकभाई स्वतः येऊन कोरल देऊन गेले. आमची टाकी गेली तेव्हा ह्यांच्या कोरलचा एक तुकडा त्यांनी दुकानात जपून ठेवला होता, मला माहीतही नव्हतं. तपकिरी, भूछत्रासारखं, वर बारीक बारीक बोंडं. हे खुर्ची ओढून बसले ते जेवायला उठेनात.
"हे माझं आहे."
हो, तुमचंच.
अमेयला फोटो पाठवला. अंगठा आला.

५ फेब्रु., गुरु.
चांगला आठवडा. पाणी उडून कमी होतं म्हणून काचेवर नेलपॉलिशची रेघ मारलीय. हे रोज सकाळी तांब्याने रेघेपर्यंत साधं पाणी घालतात, थेंबभर जास्त नाही. काच पुसतात. 'टाकी कुठाय' बंद झालंय. आणि आज 'सुमे' म्हणाले. वर्ष झालं असेल ऐकून.
फक्त कोरल तीन दिवस मिटलेलं. जागा बदलल्यामुळे असेल. काटा पंचवीसवरच आहे.

१० फेब्रु., मंगळ.
कोरल मलूल. कडा पांढरट झाल्यात. आज ह्यांनी परत बोट चाटलं. "अळणी आहे गं." मी ओरडले. सगळंच अळणी लागतं तुम्हाला, तोंडाची चवच गेलीय तुमच्या. एवढे दचकले की तांब्या पडला. जेवले नाहीत. दुपारी गॅलरीत उभे राहून म्हणाले, "मी तिकडे नाही जाणार." अमेयशी बोलताना ऐकलं असणार. मी म्हटलं, कोण पाठवतंय तुम्हाला, काहीतरीच.
खोटं बोलले. तोंडावर.

१४ फेब्रु., शनि.
मंदाताईंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि बाटलीत पाणी आणि ती डबी घेऊन कुर्ल्याला गेले. रफीकभाईंनी त्यांच्या दुर्बिणीसारख्या यंत्रात थेंब टाकून बघितला. "भाभी, ये तो अठारा है. नमक बहुत कम है." मी डबी दाखवली. ती तीन वर्षं कोरडी पडलेली. काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि काटा उगाच वर जातो. आधी भिजत ठेवायची, मग वाचायच्या आधी टिचकी मारायची.
"साब मारते थे ना टिचकी?"
मारायचे. मला वाटायचं, हाताला चाळा.

रिक्षात डोकं बधिर. तीन आठवडे हे खरं सांगत होते, आणि मी काटा दाखवत होते. घरी येऊन आधी आमटीचं पातेलं उघडलं, चमचाभर खाल्ली. बी.पी.मुळे ह्यांच्या आमटीत निम्मंच मीठ घालते मी, दोन वर्षं. माझ्या वाटीत वरून घेते. अळणीच तर आहे ती.
गुडघा दुखतो म्हणतात, मी म्हणते कालच तेल लावलं. रात्रभर झोप नाही म्हणतात, मी म्हणते घोरत होतात. चहाचं सोडा, पण बाकी काय काय खरं होतं?
यापुढे ह्यांचं ऐकायचं. निदान ऐकायचं.

१५ फेब्रु., रवि.
सकाळीच सांगितलं. तुमचं बरोबर होतं, माझंच चुकलं, पाणी अळणीच होतं.
"कुठलं पाणी?"
मीठ रोज थोडं थोडं वाढवतेय. एकदम वाढवलं तर उरलंसुरलंही जाईल.

१८ फेब्रु., बुध.
कोरल अर्धं सडलंय. हॉलभर वास. काढून टाकणार, तर ह्यांनी हात धरला. "ब्लेड दे." घरातली ब्लेडं, कात्र्या दोन वर्षं मी डब्यात कुलूप लावून ठेवते. दिलं. जीव मुठीत धरून उभी राहिले. ह्यांनी सडलेला भाग कापून काढला, चांगला राहिलेला अंगठ्याएवढा तुकडा दगडावर ठेवला, माझ्या शिवणाच्या दोऱ्याने दोन वेढे देऊन गाठ मारली. शर्टाचं बटण लावताना थरथरणारे हात. आज थरथरले नाहीत.
नंतर ब्लेड माझ्याकडे परत दिलं. मग विचारलं, "तू कोणाकडे आलीस?"

२४ फेब्रु., मंगळ.
तुकडा आहे तसाच. रफीकभाई म्हणतात, जगेल का ते महिन्याभराने कळेल. अमेयने संस्थेचा फॉर्म पाठवला, माझी सही हवीय. त्याला ब्लेडची गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्याला आनंद होईल. तो घाबरला. "आई, तू बाबांच्या हातात ब्लेड दिलंस?" त्याचंही काय चुकलं? तिकडे बसून त्याला तेवढंच दिसणार. रडत होता बहुतेक.

२६ फेब्रु., गुरु.
ह्यांनाच विचारायचं ठरवलं. दोन वर्षांत जेवलात का, गोळी घेतलीत का, यापलीकडे मी ह्यांना काही विचारलेलंच नाही. चहा झाल्यावर हे टाकीसमोर बसले होते, मी शेजारी बसले. खरं ते सांगितलं. अमेयने जागा बघितलीय, रविवारी न्यायचं म्हणतोय. तुम्ही सांगाल तसं करेन.

हे काचेवरचा डाग पुसत बसले. वाटलं, पोचलंच नाही. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू दमलीस ना, सुमे?"
मला नाही म्हणायचं होतं. हो म्हणाले.
"मग जातो मी."

एवढंच. परत काच पुसायला लागले. पाच मिनिटांनी विचारलं, चहा झाला का.
त्या दिवशी म्हणाले नाही जाणार, आज म्हणतात जातो. दोन्ही वेळा आवाज ह्यांचाच होता, माझ्या नवऱ्याचा. यातलं कोणतं ऐकू? अमेय परवा येतोय. फॉर्म टेबलावर आहे, मी अजून पेन शोधलेलं नाही.