विहिरीचं पान आणि परवान्याचं कलम

३ जाने.
धाड गावातल्या माझ्या छपाईच्या दुकानात दिवसभर शाळेतल्या वंदनाताईंच्या खेळाच्या पेट्या चिकटवल्या. फासे टाकायचे, आपापलं पात्र घ्यायचं आणि बोलत बोलत गोष्ट रचायची. गोष्टीतलं गाव ताईंचं. नियम एका परदेशी कंपनीचे, कुणीही वापरा म्हणून खुले. फक्त त्यांचा परवाना मागे छापायचा. छापला. बारीक इंग्रजीत, न वाचता. आम्ही छपाईवाले मजकूर बसवतो, वाचत नाही.

५ जाने.
ताईंनी वाचला! शाळा सुटल्यावर भिंग घेऊनच आल्या. "सलीमभाऊ, हे कलम पाह्यलं का?"
मजकूर अपमानकारक वाटला तर परवाना रद्द. ठरवणार कंपनी. दाद नाही.
म्हटलं, बरंच आहे की, घाण लिहिणारे धाकात राहतील.
"अन् विहिरीचं पान?"
तेव्हा आठवलं. त्या पानावर खेळणाऱ्याला पाणी नाकारतात, जातीवरून बोलतात. ताईंच्या आईने ऐकलेले शब्द. तिकडे कंपनीत बसलेल्याला नुसते शब्दच दिसणार.

६ जाने.
सुचवलं, जरा सौम्य करू. ताई म्हणाल्या, "माह्या मायले कोनी सौम्य हाकललं नोतं, भाऊ."
लाज वाटली. पण पेट्या तयार आहेत, हेही खरंच.

१९ जाने.
ताईंनी कंपनीचे नियमच टाकून दिले. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके. पांढरी बाजू किती वर, त्यावर निकाल. रोज शाळेच्या व्हरांड्यात खेळून पाहत, खोडत, पुन्हा लिहीत. आता कुणाचं कलम नाही. दोन आठवडे मी मनात म्हणत होतो, बाई हट्टी आहे. आहेच. अशा हट्टाला माझा सलाम.

२ फेब्रु.
आता आमचा स्वतःचा परवाना. कुणीही घ्या, बदला, मूळ नाव द्या. मी एक ओळ घातली: कुणाला हिणवायला वापरू नये. ताईंनी खोडली.
मी कारण विचारलं, "काऊन?"
"कोन ठरवनार? आज मी, उद्या दुसरा कोनी. मंग तो माहंच पान काढाले लावीन."
भांडलो. हिणवणं मीही सोसलंय, मला ती ओळ हवी होती. शेवटी कुरकुरत छापलं, ओळीशिवाय.

२१ फेब्रु.
झालं! चिखलीच्या एकाने आमचा खेळ बदलून इंटरनेटवर टाकलाय. विहिरीच्या पानावर पाणी मागणारीचीच टिंगल. सगळं परवान्याप्रमाणे, खाली ताईंचं नाव रीतसर.
ताईंनी दोनदा वाचलं. डोळे भरले. "सांगत होतो ना" हे ओठांवर आलं होतं, गिळलं. एवढंच विचारलं, ती ओळ आता तरी टाकू?
"नाई. त्याचा नंबर काढा. मी बोलतो त्याच्याशी," ताई म्हणाल्या.

२२ फेब्रु.
माझ्या दुकानातूनच फोन, स्पीकरवर. ताईंचा आवाज अजिबात चढला नाही.
"दादा, धाडले या. तुमचं पान तुमीच वाचा. पानी मांगाले समोर मी आहो."
मग तो, "येतो. पन माफी मांगाले नाई, खेळाले."
"हाव, खेळालेच या."
माझ्याच्याने हे झालं नसतं; मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. काय काळजाची बाई आहे!
तो परवा येणार. जाताना ताईंना म्हटलं, मला भीती वाटून राहिलीय.
"मले बी," म्हणाल्या.