आईच्या ऑर्किडचा निकाल

पोरी,

प्रयोगशाळेतून फोन आला होता. तुझ्या आईच्या ऑर्किडला विषाणू नाही. मी पुन्हा विचारलं, तर तो माणूस हसून म्हणाला, "आजोबा, ते काळे डाग उन्हाने पडलेत. खुशाल नवी रोपं करा!" माझा जीव भांड्यात पडला. झाड जाळावं लागेल म्हणून तू रडायचीस, ते भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

बाकीच्या झाडांना लागण नको म्हणून न्हाणीघरात ठेवलेलं झाड खिडकीत आणलंय. आता अंघोळीला त्याची परवानगी नको! नवी रोपं तूच कापून वेगळी कर, मी काही कापलेलं नाही. सुरी आणि स्पिरिटचा दिवा टेबलावर आहे. पातं आधी जाळावर धर, नाहीतर तू मला ओरडायचीस तसं मी ओरडेन.

मावशीकडे जातो. तिला बहिणीच्या झाडाचं रोप कबूल केलं होतं, पण रोगाच्या भीतीने देता येईना, म्हणून मी तोंड लपवत होतो. आज चहा पिऊनच येईन.

बाबा