कॉर्डेलचा कंगवा

ऑफिसर व्हिटकर,

हे पत्र टाकणार नाही. तुमच्यावर तिकीट कशाला वाया घालवू?

माझ्या कॉर्डेलच्या हातात तुम्हाला पिस्तूल दिसलं म्हणे. अहो, लांब दात्यांचा, मुठीचा कंगवा होता तो! आमची काळी पोरं तो केसांतच खोचून हिंडतात. त्याच गल्लीत बॅट परजणाऱ्या गोऱ्या पोराला तुम्ही म्हणालात, "घरी जा, बाळा." माझ्या बाळाच्या मांडीत मात्र गोळी.

आज ज्यूरीने तुम्हाला दोषी ठरवलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर आमच्या चर्चच्या साऱ्या बायका केसांत कंगवे खोचून उभ्या. टक्कल पडलेल्या ओडेसा मावशीने तर टोपीत खोचलेला! ती ओरडली, "घाला आता गोळ्या!"

कॉर्डेल काठी टेकत भर रस्त्यात थांबला, कंगवा काढून निवांत केस विंचरू लागला. त्याचं होईस्तोवर तुमच्याच खात्याचे शिपाई गाड्या अडवून उभे होते.

कॉर्डेलची आई,
अर्लीन