दिवा तापत नाही, असं मी सांगितलं

सोम. ३ फेब्रुवारी, इंदिरानगर

जे झालं ते क्रमाने. मत न मिसळता.

१. गेल्या मे महिन्यात येवल्याला विठ्ठलमामांच्या मागावर आमच्या कारखान्यातला एलईडी दिवा बसवला. भेट म्हणून. त्याची तपासणी मीच केली होती.
२. मामांनी विचारलं, "तापतो का गं हा?" मी म्हणाले, तापत नाही.
३. मामा पैठणीचं रेशीम जुळवायला सकाळी दारात, उन्हात न्यायचे. मी म्हणाले, आता गरज नाही, याचा उजेड दिवसासारखाच आहे.
४. हिवाळ्यात निळ्या रेशमाची एक लड संपली. दुसरी दिव्याखालीच जुळवली. पदर पुरा झाल्यावर, मामांना काम देणाऱ्या शेठनी तो दुकानाबाहेर धरला. एका मोराची मान निळी, शेजारच्याची हिरवट.
५. शेठ म्हणाले, विठ्ठलची नजर गेली. पुढची पैठणी दुसऱ्याच्या मागावर लावली. मामांचं विणणं सुटलं, आता दुसऱ्या विणकरांसाठी रेशमाच्या कांड्या भरतात.

आज मामा डोळे दाखवायला नाशकात आले होते. मोतीबिंदू नाही, रंगांची चाचणीही नीट. त्यांना आनंद झाला नाही. डॉक्टरला रेशमातलं काय कळतं, म्हणाले. जेवले नाहीत.

डोळे नीट, तर मग उजेड.

रवि. ९, येवला

माग रिकामा. दिव्यावर जुनं लुगडं, चार घड्या घालून बांधलेलं. पत्र्यावरची धूळ, कबुतरांची घाण रेशमावर पडू नये म्हणून इथे सगळेच बांधतात. ट्यूब होती तेव्हाही होतं. मे महिन्यात मी स्वतः सोडून बाजूला ठेवलं होतं. परत बांधतील हे तेव्हा सुचलं नाही.

सुचलं होतं. साडेपाचची बस गाठायची होती.

एलईडीचा उजेड गार असतो, पण उष्णता मागे साठते. पाठीवरच्या पात्यांतून ती हवेत जायला हवी. नेमकं तिथेच लुगडं. मामांनी विचारलं तेव्हा एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यं.

मामी म्हणाली, "काय इंजिनेरबाई, थंडीत मांजर आढ्यावर त्याच्याजवळच जाऊन झोपायचं. त्याला कळलं, तुला नाय कळलं."

मामा तिला म्हणाले, "गप गं. पोरीनं मायेनं दिला होता."

मामांपेक्षा मामीचं बोलणं सोपं गेलं. दिवा लुगड्यासकट उतरवला, दोन्ही लडींचे उरलेले धागे नमुने म्हणून घेतले. मामांना काही बोलले नाही.

मंगळ. ११

दिव्याच्या पाठीवर तापमापकाची तार चिकटवली. उघडा दिवा, तीन तास: ५८ अंश. तेच लुगडं घालून: ९७. पुढचं दुधी झाकण पिवळं पडलंय, चिपवरचा थरही. उजेड नव्या दिव्याच्या निम्म्याहून कमी, आणि पिवळट.

एका दिवसात असा झाला असता तर मामांनी लगेच ओळखलं असतं. आठ महिने थोडा थोडा बदलत गेला, डोळे सवय करत गेले.

दोन्ही नमुने त्याच्याखाली धरले. एकच रंग. मलाही फरक दिसला नाही. खिडकीत नेले, लगेच दिसला.

गुरु. १३

दोष मामांच्या नजरेचा नाही, दिव्याचा, असं कारखान्याचं पत्र आमच्या सरांकडे मागितलं. कापड त्यांनी बांधलं, तेव्हा वापरणाऱ्याची चूक, एवढंच लिहून देतो म्हणाले. वर, तपासणीवर सही तुझी आहे, विसरू नकोस.

म्हणजे पुन्हा मामांचीच चूक. मी नको म्हणाले. तपासणी बरोबरच होती. उघड्या टेबलावर, पंख्याच्या हवेत. मागाच्या घरात दिवा कसा टांगतात ते मला माहीत होतं, टेबलाला नाही.

संध्याकाळी मामांना फोन. क्र. २ आणि ३ सांगितलं. लुगडं पाहिलं होतं तेही. मामा म्हणाले,

"दारात जायचं मीच सोडलं ना. तीस वर्षं जात होतो. बसल्या जागी बरं वाटायला लागलं." आणि मग, "म्हंजे डोळे ठीक हेत?"

ठीक आहेत, मी म्हणाले.

"परत सांग."

परत सांगितलं.

शुक्र. १४

शेठना पत्र, माझ्या नावाने. चार कच्चे खर्डे फाडले. त्यांत सगळीकडे 'दिव्यात बिघाड' असं होतं. जाणारं हे:

'सोबत दिवा आणि रेशमाचे दोन नमुने पाठवत आहे. दिवा तासभर लावून नमुने त्याच्याखाली पाहा, मग दुकानाच्या दारात पाहा. विठ्ठलमामांची नजर चांगली आहे. डॉक्टरांचा कागद जोडला आहे. दिवा झाकला की तापतो आणि उजेडाचा रंग बदलतो, हे मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. उलट दारात जाऊ नका असं सांगितलं. मामांना पैठणीचं काम परत देणार की नाही, हे सोमवार, २४ फेब्रुवारीपर्यंत मला कळवावे.'