खाणीच्या तळ्यात उतरले, मामा

प्रिय विनूमामा,

काल मी ग्लायडर पाण्यात उतरवलं. मला खरचटलंसुद्धा नाही. पण संध्याकाळी ग्लायडिंग क्लबातला एकजण पाठीवर थोपटत म्हणाला, "विनू असता तर धावपट्टीपर्यंत आणलं असतं त्याने." तेव्हापासून डोकं फिरलंय. आईला नागपूरला एअरोग्रामवर यातलं काही लिहिता येत नाही. म्हणून तुलाच लिहितेय.

नव्हतं ना आणलंस तू!

तू गेलास त्याला दोन वर्षं झाली. सगळे म्हणतात, वारा पडला, नशीब वाईट. तुझी चूक झाली असं एकजण म्हणत नाही. मी इथे अमेरिकेत एमएस करायला आले तेव्हा नेपरव्हिलच्या तुमच्या किचनमध्ये बसवून तूच मला शिकवलंस ना? "हजार फूट उरले की विमानतळ विसरायचा. खाली शेत शोधायचं. दुसऱ्याच्या शेतात उतरण्यात कसली लाज?" मग गवत कापलेलं ते एवढं मोठं शेत तू ओलांडून का गेलास? झाडांपलीकडे धावपट्टी दिसत होती म्हणून? पोचलास तो त्या झाडांपर्यंतच.

मला कारण माहीत आहे. शेतात उतरला असतास तर कुणाला तरी ट्रेलर घेऊन न्यायला यावं लागलं असतं. रविवार होता, घरी जेवायला माणसं यायची होती. लोकांना त्रास नको! दुसऱ्याच्या घरी पाणी मागायचीही तुला चोरी.

हॉस्पिटलमध्ये मामी एकच म्हणत होती, "अरे, मी आले असते ना ड्राइव्ह करून." ते तू ऐकायला हवं होतंस.

काल दुपारी ढगांनी ऊन झाकलं आणि वर उचलणारी गरम हवाच संपली. खाली जिकडेतिकडे पुरुषभर उंच मका. एकच शेत मोकळं, तर त्यावरून विजेच्या तारा. मग दिसलं, खडी काढून सोडून दिलेल्या खाणीतलं तळं. आणि कानात तुझाच आवाज! त्याचाही राग आला मला. काठाला समांतर ये. पट्टे आवळ. चाक बाहेरच ठेव, आत घेतलंस तर नाक बुडेल. जमेल तितकं हळू.

शेपटी आधी टेकली. मग पाण्याचा असा तडाखा बसला की काही दिसेना. वरची काच उघडली, उडी टाकली. पाणी छातीपर्यंत. चालत काठावर आले.

तिथे एक म्हातारा मासे धरत बसला होता. "यू ओके, मिस?"

मी विचारलं, "तुमच्या घरी फोन आहे?"

दीड तासाने मामी आली, क्लबातल्या दोघांना आणि ट्रेलरला घेऊन. मी चिखलाने माखलेली. ती रागावली नाही, तिने जवळही घेतलं नाही. नुसती म्हणाली, "फोन केलास." मग गाडीत जाऊन बसली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली.

एवढंच करायचं होतं रे! एक फोन!

पुढच्या महिन्यापासून क्लबात नव्यांना धावपट्टीबाहेर उतरायचं कसं ते मी शिकवणार आहे. तुझं सगळं शिकवीन. आणि तू कसा गेलास तेही सांगीन, तुझं नाव घेऊन, ते शेत नकाशावर दाखवून. कुणी नशिबाचं नाव काढलं तर तिथेच थांबवीन. तुला आवडणार नाही, माहीत आहे. तरी सांगणार, दर वेळी सांगणार. हे माझं वचन.

अजून तुझ्यावर चिडलेली,
मृणाल